घुसखोर, बेकायदा स्थलांतरित, निर्वासित : नेमका फरक काय?

प्रश्न : व्हिसाची मुदत उलटली तरी इथेच राहिलेल्या परदेशी माणसाला 'घुसखोर' म्हणणं बरोबर आहे का? बातम्यांत 'घुसखोर' आणि 'बेकायदा स्थलांतरित' आलटूनपालटून येतात.

उत्तर : बरोबर नाही. घुसखोर म्हणजे चोरून हद्द ओलांडणारा. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर येऊन बसलेल्यांसाठी वृत्तपत्रांनी हाच शब्द वापरला होता. शिवाय 'खोर' प्रत्यय (भांडखोर, लाचखोर) थेट स्वभावावर ठपका ठेवतो. व्हिसावाला विमानतळावर शिक्का घेऊन आत आला, कायदा मोडला तो नंतर. नागरिकत्व कायद्यातली 'बेकायदा स्थलांतरित'ची व्याख्या दोघांनाही धरते : वैध कागदपत्रांविना आलेला आणि कागदपत्रं घेऊन आलेला पण मुदतीपलीकडे राहिलेला. म्हणून बातमीत 'मुदत संपूनही राहिलेला' असं सरळ लिहावं.

त्याला जोडून : ही व्याख्या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने आली, आणि राजकारणाचा कल कसा बदलत गेला ते जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वात स्वच्छ दिसतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म झाला की, मोजके अपवाद सोडले तर, तेवढं पुरे. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे आईवर बसलेला शिक्का मुलाचं नागरिकत्व घालवू शकतो, वडील भारतीय असले तरी. असा शब्द सैल हाताने वापरू नये.

प्रश्न : मग 'निर्वासित'?

उत्तर : फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे हा शब्द मराठीत घरोघरी पोचला. त्याच्या अर्थातच 'घालवून दिलेला' हे आहे, म्हणून त्यात सहानुभूती असते. कायद्यात मात्र त्याला आधार नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. तिबेटी किंवा श्रीलंकेतले तमिळ इथे राहतात ते सरकारी धोरणावर. ज्याचा आश्रयासाठीचा अर्ज अजून विचाराधीन आहे तो 'आश्रयार्थी'.

एक भर : नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीवरच्या (सीएए) भाषणांत 'निर्वासित' सतत ऐकू येतो. कलमाची भाषा वेगळी आहे : पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती 'बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाहीत'. नागरिकत्व मिळवायला भारतात आधी किती वर्षं राहिलेलं असावं, ही अट त्यांच्यासाठी ११ वरून ५ वर्षांवर आली. मुस्लिमांचा त्यात उल्लेख नाही, आणि सगळा वाद तिथेच पेटला.

आसामबद्दल लिहिताना : तिथे नागरिक कोण आणि विदेशी कोण हे येण्याच्या तारखेवर ठरतं. १ जानेवारी १९६६ पूर्वी बांगलादेशाच्या आजच्या भूभागातून येऊन स्थायिक झालेला नागरिक. त्या दिवसापासून २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्याने नोंदणी करायची, दहा वर्षं मतदान नाही, बाकी हक्क नागरिकाचेच. त्यानंतर आलेला विदेशी. एखादा माणूस विदेशी आहे का हे ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाचा निकाल येईपर्यंत 'संशयित' लिहावं. आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच असतो, त्यामुळे बातमीने निकाल आधीच देऊन टाकला तर त्याला सावरायला जागा उरत नाही.

शेवटची सूचना : 'परप्रांतीय' या यादीत घालू नका. पश्चिम बंगालमधून मुंबईत आलेला गवंडी भारतीय नागरिक आहे, आणि देशात कुठेही राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दिला आहे. निव्वळ बांगला बोलतो म्हणून त्याला 'घुसखोर' लिहिणं ही धडधडीत चुकीची बातमी.