त्सुनामीची लाट बेटाच्या मागच्या बाजूला येत नाही?

निळाई: "भूकंपाकडे तोंड असलेला किनारा धोक्याचा, पाठीमागचा सुरक्षित, एवढ्यासाठी लाट कुठवर येईल हे काढणारं कॉम्प्युटर मॉडेल कशाला?" ही पोस्ट वाचून डोकंच फिरलं. 1992 च्या डिसेंबरात इंडोनेशियातल्या फ्लोरेसजवळच्या बाबी बेटावर लाट उत्तरेकडून आली आणि गावं वाहून गेली दक्षिणेची! बेट जवळजवळ गोल, लाट दोन्हीकडून वळसा घालून मागे एकत्र आली. हे नुसतं नकाशा बघून कुणी सांगितलं असतं?

तांडेल: पोस्ट माझीच. बाबीचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण मॉडेल शेवटी किनाऱ्यालगतच्या खोलीच्या आकड्यांवर चालतं ना, आणि तेच धड नसतात. 1993 ला जपानच्या ओकुशिरी बेटावर एका चिंचोळ्या घळीत पाणी 30 मीटरच्या वर चढलं, ग्रिड, म्हणजे मॉडेलमधल्या नकाशाच्या चौकटी, जाडाभरडा घेतला तर ती घळ त्यात दिसणारच नाही, आणि लोक मात्र नकाशातला सुरक्षित म्हणून दाखवलेला हिरवा रंग बघून निर्धास्त झोपणार.

सुंदरी: ग्रिडचं राहू द्या, लाटेचा जोर कमी करणाऱ्या खारफुटीबद्दल कुणीच का बोलत नाही? आधी ती तोडायची आणि मग मॉडेल चालवायची!

निळाई: खारफुटी हवीच, पण मोठ्या लाटेपुढे तिच्या भरवशावर माणसं ठेवायची का? 2004 च्या भूकंपात निकोबारची जमीनच खचली, इंदिरा पॉइंटला सव्वाचार मीटरच्या आसपास, तिथली खारफुटी बुडून मेली. उत्तर अंदमानात उलट जमीन वर आली आणि झाडं कोरडी पडून मेली.

सुंदरी: म्हणजे झाडं लावूच नका?? असं मी कुठे म्हटलं की फक्त झाडंच पुरे, उगाच माझ्या तोंडी घालू नका.

तांडेल: अहो खारफुटीवर वेगळा धागा काढा. मी 2004 च्या त्सुनामीच्या सकाळी पोर्ट ब्लेअरला होतो, जमीन थांबेचना, आणि एक म्हातारे गृहस्थ ओरडत होते, वर चला, वर चला. आम्ही वाचलो ते त्यांच्यामुळे, तेव्हा कुठला नकाशा होता? इंडोनेशियातल्या सिमेलू बेटावरही 1907 च्या त्सुनामीची आठवण म्हणून 'स्मॉंग' (तिथल्या भाषेत त्सुनामी) हा शब्द टिकला, आणि 2004 ला लाट दहाएक मिनिटांत येऊनसुद्धा जवळपास सगळं बेट वाचलं.

निळाई: तुमच्या त्या आजोबांना हात जोडते. पण वर म्हणजे नेमकं कुठे, कुठली टेकडी पुरेशी उंच, कुठला रस्ता आधी पाण्याखाली जाईल? निकोबारला जमीन खचली ती धरून उंची मोजायला हवी, जुनी उंची धरली तर सगळं गणित चुकतं. शाळा आणि दवाखाना कुठे बांधायचा हे आठवणीवर कसं ठरवणार?

तांडेल: शाळेचं पटलं. पण ग्रिड बारीक हवा, यावरून मी हलणार नाही.

निळाई: त्याला माझा विरोध कधी होता? आधी लगतच्या समुद्राची खोली मोजा, हेच तर म्हणतेय.