डीमॉनिक रेझरेक्शनविषयी थोडी भर

भारतीय मेटलची, म्हणजे रॉकमधल्या जड, कर्कश गिटारच्या संगीताची, वाटचाल दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडपासून सुरू झाली, असे या चर्चेत एका सदस्याने म्हटले आहे. ब्लडीवूडचे यश मोठेच आहे, पण त्याआधी मुंबईत घडलेले विसरले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. साहिल मखिजा यांनी 2000 साली मुंबईत डीमॉनिक रेझरेक्शन हा मेटल बँड उभा केला, तेव्हा इथल्या बहुतेक आयोजकांना परदेशी गाणी वाजवणारे बँड हवे असत. स्वतःची गाणी, तीही घशातून गुरगुरत म्हटलेली, ऐकवायला मंच मिळणे कठीण होते. म्हणून मखिजा यांनी स्वतःच कार्यक्रम भरवले आणि ध्वनिमुद्रणाची कंपनीही काढली. माझ्या मते या बँडचे खरे मोठेपण इथेच आहे. पुढे 2010 मध्ये ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाचा पुरस्कार आणि 2014 मध्ये जर्मनीतील वाकेन या मेटल संगीत महोत्सवाचा मंच त्यांना मिळाला. त्यांचा 2017 चा ‘दशावतार’ हा अल्बम अवश्य ऐका: मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणे आहे, आणि दुहेरी पेडलवर धडधडणाऱ्या ड्रम्सच्या जोडीला भारतीय वाद्येही येतात.