विषय: कागलच्या मुलीचा एमआरआय पीएचडीचा अर्ज – शुक्रवारच्या आत उत्तर हवंय

प्रेषक: आक्का, राजारामपुरी

मंडळी, गणपतीत ज्या कागलच्या मुलीबद्दल सांगितलं होतं, तीच. एम.टेक. संपत आलंय. प्रोजेक्ट एमआरआयचं: मशीनमधून कमी डेटा घ्यायचा आणि गणिताने चित्र पूर्ण करायचं, म्हणजे पेशंटला आत कमी वेळ पडून राहावं लागेल. मशीनला हात लावायला मिळालेला नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाने फेसबुकच्या संशोधकांबरोबर २०१८ साली गुडघ्यांच्या स्कॅनचा कच्चा डेटा खुला केला, त्यावर तिने सगळं उभं केलंय.

अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांनी तिला ‘डायव्हर्सिटीच्या निधीत बघ’ असं लिहिलंय. मुलगी, खेड्यातली, घरातली पहिली ग्रॅज्युएट. बसते ना त्यात? शिवाय जर्मनीतली एक लॅब १८ महिन्यांची इंटर्नशिप देतेय, शुक्रवारी हो-नाही कळवायचंय. नंतर तिथंच मारी क्युरीच्या (युरोपियन युनियनची संशोधन योजना) पैशातून पीएचडी करायची तिची इच्छा आहे. हो म्हणू दे का?

प्रेषक: बापू, क्लीव्हलंड

आक्का, त्या निधीच्या मागे लागू नका. एनआयएच म्हणजे इथल्या सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था; तिच्या टी३२ आणि एफ३१ या शिष्यवृत्त्यांना अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, मग मुलगी कितीही हुशार असो. विविधतेच्या व्याख्येत ग्रामीण भाग, घरातली पहिली पिढी वगैरे होतं, पण ते इथल्या लोकांसाठी. त्यातही २०२५ मध्ये त्या नावाच्या बऱ्याच जाहिराती मागे घेतल्या गेल्या. वेबसाइटवरचं जुनं पान बघून पोरं अजून आशेवर राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून अमेरिका बंद आहे असं नाही. प्राध्यापकाच्या स्वतःच्या ग्रँटमधून रिसर्च असिस्टंट म्हणून परदेशी पोरांना पगार मिळतो, आमच्या लॅबमध्ये बहुतेक असेच आहेत. पीएचडीनंतर एनआयएचचं के९९ हे अनुदान व्हिसावर असतानाही मागता येतं. त्या प्राध्यापकांना तिने सरळ विचारावं, ‘तुमच्या ग्रँटमध्ये माझ्यासाठी जागा आहे का?’

प्रेषक: तात्या, शिक्षण उपसमिती

विनंती आहे की असे विषय आधी उपसमितीकडे यावेत. मागच्या वर्षी तीन जणांनी तीन सल्ले दिले आणि त्या मुलाची तारीख निघून गेली, हे सगळ्यांना आठवत असेल. तरीही मुलीसाठी मंडळाच्या लेटरहेडवर शिफारसपत्र द्यायला मी तयार आहे. आक्का, मार्कलिस्ट पाठवा.

प्रेषक: डॉक्टर वहिनी, मँचेस्टर

तात्या, मंडळाच्या पत्राचा इथे उपयोग नाही. निवड समितीला तिच्या गाईडचं पत्र हवं, आणि त्यात तिने स्वतः काय केलं ते लिहिलेलं हवं. ‘कष्टाळू व नम्र विद्यार्थिनी’ एवढ्यावर कुणी घेत नाही.

विषय मात्र फार चांगला आहे. माझ्या सासूबाईंचा एमआरआय गावाकडेच झाला. मंगळसूत्र काढायला तयारच होईनात. शेवटी सासऱ्यांनी ते स्वतःच्या मुठीत धरलं आणि दाराबाहेर त्यांना दिसतील असे उभे राहिले. आत ठकठक सुरू झाली की त्या हलायच्या, चित्र पुसट यायचं, पुन्हा पहिल्यापासून. वेळ निम्मा झाला तर अशा म्हाताऱ्या माणसांचे किती हाल वाचतील!

जाता जाता: कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या रेडिओलॉजीच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आरएसएनएचा (उत्तर अमेरिकेतली रेडिओलॉजीची संघटना) परदेशी तरुणांना संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रम आहे. विभागप्रमुखांनी नाव सुचवावं लागतं. इंजिनिअरला तो चालत नाही.

प्रेषक: बंडू, न्यू जर्सी

मशीन नाही म्हणून अडलंय तर मी डिसेंबरात येताना मोबाइलला जोडायचा सोनोग्राफीचा प्रोब आणू का? पैसे मी देतो.

प्रेषक: डॉक्टर वहिनी, मँचेस्टर

बंडू भाऊजी, अजिबात नको! १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली मशीन आणि जागा दोन्ही नोंदवावी लागतात, खिशातला प्रोबही सुटत नाही. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर हा विषय हलका नाहीच. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्यानंतरच सोनोग्राफी मशीनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (तपासण्यांची नोंद ठेवणारं यंत्र) बसवले. पैसे द्यायचेच तर तिची इंग्रजीच्या परीक्षेची फी भरा.

प्रेषक: अण्णा, टोरांटो

बापूंचं वाचून राहवलं नाही. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा राखल्या, तेव्हा ते स्वतः इंग्लंडमध्ये होते. जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. त्यांच्या कागलच्या पोरीने दुसऱ्यांच्या व्याख्येत बसायची वाट कशाला बघायची? सारथी, बार्टी, महाज्योती या आपल्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तिच्या प्रवर्गाला कुठली पीएचडी फेलोशिप लागू आहे, ते आक्कांनी आधी विचारावं.

प्रेषक: धाकटे पाटील, आखेन (जर्मनी)

इंटर्नशिपला हो म्हणायच्या आधी हे वाचा. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कला राष्ट्रीयत्वाची अट नाही, फक्त आधी पीएचडी झालेली नसावी. पण रुजू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणं, काम किंवा शिक्षण झालेलं चालत नाही. १८ महिने जर्मनीत काढले की जर्मनीतली जागा हातची गेली. मोजणी देशागणिक असते, संपूर्ण युरोप एकत्र धरत नाहीत. नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स तेव्हाही उघडेच राहतील.

तिने लॅबला ११ महिन्यांचा करार मागावा. माझ्या शेजारच्या लॅबमध्ये एका मुलाची निवड होऊनही याच अटीवर जागा गेली, म्हणून एवढं तळमळून लिहितोय. जागांच्या जाहिराती युरॅक्सेस या युरोपच्या संशोधन-नोकऱ्यांच्या वेबसाइटवर येतात, प्रत्येक जागेला वेगळा अर्ज, आणि शिष्यवृत्ती नव्हे तर रीतसर नोकरीचा करार मिळतो. दोन वर्षांचं मास्टर्स इथे करायला सांगणाऱ्यांनीही हा हिशोब धरावा.

प्रेषक: तात्या, शिक्षण उपसमिती

आखेनची माहिती उपसमितीच्या फाइलमध्ये ठेवतो. परीक्षेची फी आमच्याकडून जाईल. बंडूने वेगळी पाठवू नये, दोनदा भरली जाईल.

प्रेषक: आक्का, राजारामपुरी

मुलीशी बोलले. आज रात्रीच ती लॅबला ११ महिन्यांचं विचारतेय. गाईड सर पत्र नव्याने लिहून देतो म्हणाले. पाटील, लॅब १८ वरच अडून बसली तर नाही म्हणायचं, की आधी नेदरलँड्सच्या जाहिराती बघून ठरवायचं? उद्या दुपारपर्यंत सांगा, तिला कागलहून गाडी पकडून यायचंय.