जड पुल: तंत्र सुधारतं की बिघडतं?

सरळकणा (धागाकर्ता)
स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर, पुल म्हणजे त्यातलं नुसतं वर ओढणं. हौशी लिफ्टर स्नॅचच्या 110 टक्क्यांपुढचे पुल मारतात तेव्हा ती निव्वळ डेडलिफ्ट (बार नुसता मांड्यांपर्यंत उचलणं) असते, नाव काहीही द्या. स्नॅच 60 किलोचा आणि पुल 80 किलोचे! बाजूने व्हिडिओ काढून बघा. बार जमिनीवरून सुटायच्या आत कंबर वर जाते, पाठ आडवी होते, बार नडगीपासून सुटून पुढे पळतो आणि वजन चवड्यांवर येतं. मग बार वर जाण्याऐवजी हिपच्या धक्क्याने आणखी पुढे उडतो. रोज हेच घोटायचं आणि स्नॅच पुढे पडला की खांद्यांच्या लवचीकतेला बोल लावायचा.

माझ्या मते 85 ते 95 टक्के पुरे. गुडघ्याच्या जरा खाली दोन सेकंद थांबायचं, मग पुढचा पुल. वजन पूर्ण पावलावर आहे का, खांदे बारच्या किंचित पुढे आहेत का, हे थांबल्यावर लपत नाही.

लोखंडी मुंगी
साफ असहमत. 80 किलोला पाठ धरता आली तर 60 किलोला ती सुटत नाही. तुम्ही ज्याला तंत्राचा दोष म्हणताय तो बऱ्याचदा मांड्यांचा आणि पाठीचा अशक्तपणा असतो. थांबून थांबून माणूस थांबण्यात तरबेज होईल, इतकंच. बारने गुडघे ओलांडले की ते पुन्हा वाकून बारखाली सरकतात आणि त्या ताणातूनच दुसऱ्या पुलाचा (गुडघ्यांच्या वरच्या ओढीचा) झटका मिळतो. तो वेग मधेच मारून काय शिकणार?

सरळकणा
थांबा गुडघ्याखाली म्हटलंय, मांडीवर नाही. तुम्ही सांगताय तो झटका त्यानंतरचा, त्याला कुणी हात लावलेला नाही. आणि पाठ ‘धरता आली तर’ हेच तर भांडण आहे. येत नाही ना!

अर्धा स्क्वॉट
टक्क्यांवर काय भांडताय? पुलमध्ये बारखाली जायचंच नसतं, खरी मेख तिथे आहे. लोक टाचा उचलून, खांदे कानाला लावून, बार छातीपर्यंत ओढून तिथेच रेंगाळतात. जॉर्जियाच्या लाशा तलाखाद्झेने 2021 मध्ये ताश्कंदला 225 किलो स्नॅच केला, तो व्हिडिओ सावकाश बघा. इतकं वजन कुणी खांद्यापर्यंत उडवत नाही, माणूस खाली जातो. म्हणून मी प्रत्येक पुलाच्या सेटला जोडून एक हलका पूर्ण स्नॅच करायला लावतो. नुसते पुल केले की हात लवकर वाकवायची खोड लागते आणि ती जाता जात नाही.

लोखंडी मुंगी
हे पटलं. पण मग हात सरळ ठेवून जड पुल करा, उंचीचा हट्ट सोडा. वजन कमी करा कुठून आलं?

खडूवाला
थोडं अवांतर. हलक्या वजनाला लहान प्लेट लावून पुल करणारे इथे किती जण? 45 सेंमीच्या प्लेटवर बारचा मध्य जमिनीपासून 22.5 सेंमीवर असतो. लहान प्लेट लावली की बार खाली, कंबर खाली, सुरुवातच वेगळी. हलकी पण पूर्ण आकाराची प्लेट नसेल तर खाली ठोकळे ठेवा. आणि बार मांडीला ‘आपटणाऱ्यांनो’, तो घासत वर जायला हवा. एकेकाळी नुसता स्पर्श झाला तरी लिफ्ट बाद धरत. ती बंदी 1960 च्या दशकात उठली, पण आपटा असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं.

सरळकणा
मुंगीताई, उंचीचं मान्य. टक्क्यांचं नाही. 100 च्या वर जायचं तर अट एकच: पहिल्या पुलात (जमिनीपासून गुडघ्यांपर्यंत) कंबर आणि खांदे एकाच वेगाने वर आले पाहिजेत. ज्या रेपला (उचलीला) कंबर पुढे निघाली तिथे सेट बंद.

लोखंडी मुंगी
मग 105 ला तरी जाऊ द्या, अट मंजूर. पण स्ट्रॅप (मनगटावरून बारला गुंडाळायचे पट्टे) लावणार. पकड सुटते म्हणून पाठीचा व्यायाम अर्धवट सोडणं मला जमत नाही.

अर्धा स्क्वॉट
स्ट्रॅपसाठी वेगळा धागा काढा हो, इथे रात्र होईल.