लायसोझाइमचं एमआयपी: बफरमध्ये मीठ घातलं की निवडकपणा गायब. मी नेमकं छापलंय तरी काय?

जेलमधली

नमस्कार मंडळी. लायसोझाइम हे प्रथिन वेगळं काढण्यासाठी मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर (एमआयपी) बनवतेय: टेम्प्लेट म्हणजे साच्याच्या रेणूभोवती जेल घट्ट करायचं, मग तो रेणू काढायचा, म्हणजे त्याच्या आकाराची पोकळी उरते. मोनोमर अ‍ॅक्रिलामाइड आणि थोडं मेथॅक्रिलिक आम्ल, क्रॉसलिंकर बिस-अ‍ॅक्रिलामाइड, अभिक्रियेची सुरुवात एपीएस आणि टेमेड या रसायनांनी. जेल चाळणीतून दाबून बारीक केलं आणि टेम्प्लेट १० टक्के एसडीएस (ऋणभारित डिटर्जंट) व १० टक्के अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणाने काढलं. एनआयपीलाही (टेम्प्लेटशिवाय बनवलेलं तसंच जेल) तंतोतंत तीच धुलाई दिली.

पीएच ७ च्या १० मिलिमोलर फॉस्फेटमध्ये एमआयपी एनआयपीच्या तिप्पट लायसोझाइम धरतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) जवळपास धरतच नाही. गाइड खूश आहेत. पण त्याच बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ घातलं की दोन्ही जेल सारखीच वागतात. मिठामुळे पोकळीतली पकड सुटते म्हणायचं, की पोकळी मुळात नव्हतीच? आणि बंध विद्युतभाराचाच असेल तर एनआयपीतही तेवढंच मेथॅक्रिलिक आम्ल आहे, मग तिपटीचा फरक आला कुठून?

स्तंभलेखक

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

एमआयपी आणि एनआयपी यांच्यात फक्त पोकळ्यांचा फरक असतो असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात प्रथिनाच्या सान्निध्यात घट्ट झालेल्या जेलची जाळीच वेगळी होते, बरेचदा जास्त मोकळी. आत शिरायला जागा जास्त, म्हणून आतले ऋण भार प्रथिनाला जास्त सापडतात. यात आकार ओळखण्याचा काही संबंध नाही.

दुसरा संशयित एसडीएस. टेम्प्लेट कधीच शंभर टक्के निघत नाही. जेलमध्ये अडकून राहिलेल्या लायसोझाइमला एसडीएस घट्ट चिकटतं आणि पाण्याने सहजासहजी सुटत नाही. एनआयपीत प्रथिनच नाही, त्यामुळे तिथे ते चिकटायला जागाही नाही. म्हणजे धुलाई अगदी सारखी असूनही जादा ऋण भार एमआयपीतच उरू शकतो, आणि पीएच ७ ला धनभारित असलेलं लायसोझाइम तिकडे ओढलं जातं. मीठ घातलं की ही ओढ संपते. तुमचं निरीक्षण यात चपखल बसतं.

एसडीएसचा आणखी एक उपद्रव आहे. थोड्या एसडीएससोबत लायसोझाइमचा न विरघळणारा गाळ होतो. तो सेंट्रिफ्यूजमध्ये जेलबरोबर खाली बसतो, वरच्या द्रवात प्रथिन कमी दिसतं आणि आपण 'बांधलं गेलं' असं लिहून मोकळे होतो. ब्रॅडफर्डने (रंगावरून प्रथिन मोजण्याची पद्धत) मोजत असाल तर एसडीएस त्या रंगातही ढवळाढवळ करतं. तेव्हा वरच्या द्रवातून वजाबाकी करून थांबू नका. बांधलेलं प्रथिन परत सोडवून मोजा आणि घातलेल्याशी हिशेब जुळतो का बघा. बऱ्याच पेपरांत हा ताळेबंद नसतो, आणि तो नसला की मी पुढचे आलेख फार मनावर घेत नाही.

बीएसएची तुलना तर सोडूनच द्या. त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) ४.७ च्या आसपास, म्हणजे पीएच ७ ला ते ऋणभारित. मेथॅक्रिलिक आम्लाचं कुठलंही जेल त्याला दूरच ठेवणार. शिवाय ते ६६ किलोडाल्टनचं आणि लायसोझाइम १४.३ चं. खरी परीक्षा सायटोक्रोम सी या प्रथिनाबरोबर: १२.४ किलोडाल्टन, आयसोइलेक्ट्रिक पॉइंट १० च्या आसपास. भारही तसाच, आकारही जवळपास तसाच.

आणि एनआयपीवर विसंबण्यापेक्षा दुसरं एमआयपी सायटोक्रोम सी टेम्प्लेट घेऊन बनवा. दोन जेल, दोन प्रथिनं, चार आकडे. प्रत्येक जेलने आपापलं प्रथिन जास्त धरलं, तेही मिठात, तर छाप पडली असं मी मान्य करीन.

साका

वरच्या सगळ्याशी सहमत, पण एक विचारतो. उद्देश लायसोझाइम मिळवणं हा आहे की छाप सिद्ध करणं? अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइम साध्या कॅटायन एक्स्चेंजरने (धनभारित रेणू धरणारं ऋणभारित रेझिन) निघतं, कारखान्यांतही ती पद्धत आहे. ओव्हाल्ब्युमिनसकट तिथली मुख्य प्रथिनं आम्लधर्मी, हे एकटं ठळकपणे अल्कधर्मी. त्यामुळे 'आमच्या एमआयपीने अंड्यातून शुद्ध लायसोझाइम काढलं' हा पुरावा दिसतो झकास, पण त्यातून छापेबद्दल काहीच कळत नाही.

जेलमधली

उद्देश छाप सिद्ध करण्याचाच आहे, शीर्षक मंजूर झालंय :) मग मेथॅक्रिलिक आम्ल पूर्ण काढून टाकू का?

स्तंभलेखक

काढून बघाच, पण नुसत्या अ‍ॅक्रिलामाइडची पकड फार कमकुवत असते. छापण्याची ही विद्या लहान रेणूंवर वाढली. वुल्फ यांनी १९७२ मध्ये सहसंयुज बंध वापरून केलं, पुढे स्वीडनमधल्या लुंडला मोसबाख यांच्या गटाने असहसंयुज बंधांवर. त्यांचं १९९३ चं गाजलेलं काम थिओफिलिन आणि डायझेपाम या औषधांवर होतं. थिओफिलिनचा रेणूभार १८०, लायसोझाइम त्याच्या सुमारे ऐंशी पट. तिथे सेंद्रिय द्रावकात हायड्रोजन बंध जोर धरतात. प्रथिनाला पाणी लागतं आणि पाणी तेच बंध स्वतःकडे ओढून घेतं. वर जेल मऊ: चिखलात पाऊल उमटवून त्यावर पाणी सोडल्यासारखं.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर अख्ख्या जेलमध्ये छापण्याचा नादच सोडला असता. सिलिकाच्या कणांवर पातळ थर द्या, म्हणजे पोकळ्या पृष्ठभागाजवळ राहतात, प्रथिन आत अडकत नाही आणि धुणंही सोपं जातं. किंवा एपिटोप घ्या: प्रथिनाच्या टोकाचा छोटा पेप्टाइड टेम्प्लेट म्हणून. राच्कोव आणि मिनोउरा यांनी २००० च्या सुमारास हा मार्ग दाखवला. टोक मात्र असं निवडा की घडी घातलेल्या प्रथिनात ते बाहेर उघडं असेल. लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं आणि चार डायसल्फाइड बंध आहेत, त्रिमितीय रचना बघितल्याशिवाय पेप्टाइड मागवू नका.

साका

स्पर्धेच्या प्रयोगासाठी सोपी युक्ती: सायटोक्रोम सी लाल असतं, ४०९ नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं. लायसोझाइम तिथे काहीच दाखवत नाही. मिश्रणात ४०९ वरून सायटोक्रोम काढा, २८० च्या (जिथे दोन्ही प्रथिनं शोषतात) आकड्यातून त्याचा वाटा वजा करा, उरलं ते लायसोझाइम. एचपीएलसी यंत्राची रांग वाचेल.

जेलमधली

हे मस्त आहे. सायटोक्रोम फ्रीजमध्ये आहेच. धुलाईला एसडीएसऐवजी १ मोलर मीठ चालेल?

स्तंभलेखक

चालवून बघा. टेम्प्लेट थोडं जास्त उरेल, पण उरेल ते एसडीएसशिवाय. नंतरच्या बफरमध्ये काही पाझरतंय का हे जेल नुसतं ठेवून २८० ला तपासा, आणि तोच आकडा कोरा (ब्लँक) म्हणून वजा करा.