मोठी ऑर्डर घ्यावी का? कतरणीचा धंदा, अडकलेय

कतरणवाली:
आम्ही नऊ जण कारखान्यांतली कतरण, म्हणजे कापड कापताना उरलेले तुकडे, आणि लोकांनी टाकलेले कपडे घेतो, निवडतो, पिशव्या शिवतो. बायकांना महिन्याचा पगार आहे, नगावर मजुरी नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. आता एका गिऱ्हाईकाने एकदम 8 हजार पिशव्या मागितल्यात, सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या, अडीच महिन्यांत, आणि पैसे माल पोचल्यावर 90 दिवसांनी. पार्टनर म्हणतो नगावर माणसं लाव, कमी पडलं तर नवं कापड घाल, कोणाला कळतंय. नाही म्हटलं तर आयुष्यभर नऊच जण राहणार, आणि हो म्हटलं तर आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?

सूतगुंता:
‘कोणाला कळतंय’ हे आधी डोक्यातून काढा. मी सुताच्या कामात होतो. जुना कपडा पिंजला की तंतू आखूड होतात, सूत तुटतं, म्हणून ताकदीसाठी नवा कापूस नाहीतर पॉलिस्टर घालतातच, त्यात लाजायचं काही नाही. लपवलं की मात्र फसवणूक. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड म्हणून पुनर्वापराच्या मालाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, त्यातसुद्धा 20 टक्के जुन्या मालापासून सर्टिफिकेट मिळतं, पण मालावर त्यांचं लेबल लावायचं तर निदान 50 टक्के लागतं, म्हणजे मिसळ चालते पण हिशोब दाखवावा लागतो. तुमचंही किती टक्के जुनं ते लेबलवर सरळ छापा. आणि खरी अडचण तो एकच निळा आहे हो! कतरणीत एक रंग 8 हजारांना पुरेल असा मिळणार कुठून? तीन-चार छटा चालतील का विचारा, बघा अर्धं भांडण तिथेच मिटतं.

हिशोबी:
मला भीती 90 दिवसांची वाटतेय. पगार महिन्याला आणि पैसे तीन महिन्यांनी, मधलं कोण भरणार? स्वीडनची रिन्यूसेल आठवा, जुन्या सुती कपड्यांपासून नव्या धाग्यासाठी लगदा करणारी, मोठमोठे ब्रँड पाठीशी, 2022 ला मोठा कारखाना सुरू केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये दिवाळखोरी, कारण कौतुक भरपूर झालं पण माल तेवढा उचलला गेला नाही. ॲडव्हान्सशिवाय कात्री लावू नका. नगावर मजुरीचं म्हणाल तर शिवणाला एकवेळ चालेल, किमान पगार पक्का ठेवून. निवडायला अजिबात नको, घाईत चेन, बटणं, स्ट्रेचचं कापड सगळं एकाच ढिगात जातं आणि नंतर पूर्ण लॉट रडवतो.

जुनीकात्री:
एक गंमत सांगते, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. आम्ही अशीच मोठी ऑर्डर घेतली, कतरण कमी पडायला लागली तशी दर वाढवून मागत गेलो, तर एक कारखाना चक्क चांगल्या ताग्यातून तुकडे पाडून ‘कतरण’ म्हणून पाठवायला लागला!! दोन महिने आम्हाला पत्ता नाही, उलट कतरण किती स्वच्छ येते म्हणून खूश. तेव्हापासून पुढच्या महिन्यात किती कतरण येणार ते बघूनच ऑर्डर घेते. वाढ हळू होते, पार्टनर चिडतात, तुमचाही चिडेल.

कतरणवाली:
चिडलाच. गिऱ्हाईकाला फोन केला, तीन छटा चालतील म्हणाले, आधी 2,500 घेतील, बाकीचं माल बघून. ॲडव्हान्सचं ‘वर विचारून सांगतो’. ताग्याचं वाचून आज सगळी पोती उघडली, एका पोत्यातले तुकडे जरा जास्तच सरळ कापलेले वाटतायत, उद्या जाऊन विचारते.