मदत हवी आहे : भाडेकरारातील अनामत रकमेचे कलम कसे लिहावे?

नमस्कार. पुण्यातील आमची सदनिका प्रथमच भाड्याने देत असून ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा मसुदा मी तयार करत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे ठाऊक आहे. अडचण अनामत रकमेची आहे. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ एवढेच लिहिले, तर भिंतीला पाडलेली भोके किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटला गेलेला तडा कशात मोडतो, यावरून पुढे वाद होऊ शकतो; शिवाय राहायला येणाऱ्या कुटुंबावर अन्याय व्हावा, अशी माझी मुळीच इच्छा नाही. घरातील वस्तूंची यादी छायाचित्रांसह परिशिष्ट म्हणून जोडणे पुरेसे ठरेल का? जाणकारांनी कृपया या कलमाचा नमुना द्यावा.